दोन मिनिटांचा हिशोब

एकतीस मार्च उलटला की
नागपुरात ऊन पडत नाही, वसुलीला येतं.
टांडापेठेतल्या माझ्या खोलीत
कूलरच्या गवतावर बादलीभर पाणी ओतून
मी दुसऱ्यांच्या वह्या जुळवत बसते:
इतवारीतला तूरडाळीचा ठोक व्यापारी,
गांधीबागेतली साड्यांची दोन दुकानं
आणि जरीपटक्याचे वाधवानी,
ज्यांचा फोन रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी येतो,
"मॅडम, बस दोन मिनिटं."

कुणाचं येणं किती, कुणाचं देणं किती,
झोपेतून उठवलं तरी सांगीन.
माझं?
थोडं डाळीच्या डब्यात, थोडं बँकेत,
आणि बाकीचं
मागायची लाज वाटली
त्यांच्या गल्ल्यात.

एका रविवारी शाळकरी वही आणली,
वर वाघाचं चित्र असलेली.
रुपये नाही लिहिले तिच्यात, तास लिहिले.
वाधवानींची दोन मिनिटं:
मार्चात सव्वीस रात्री, एकोणीस तास.
तीनदा बेरीज केली.
बेरीज हाच माझा धंदा,
ती चुकत नव्हती.

मग हातच थांबेना.
कूलर: एकतीस तास.
भाचीच्या लग्नात एकदा नेसलेला शालू: बावन्न,
आणि ब्लाउजचे वेगळे.
धरमपेठेत नलूसमोर "राहू दे, मी देते" म्हणत
दिलेलं कॉफीचं बिल: दोन तास.
ते मात्र महाग वाटलं नाही.
आम्ही तीन तास हसलो होतो.

बाबा मागावर बसायचे.
दिवेलागणीला धोटा बाजूला ठेवायचे, म्हणायचे,
"सुतालेबी झोप लागते, बाई."
हे वाक्य मी आयुष्यभर मिरवलं,
पाळलं एकदाही नाही.
परवा आईला आठवण करून दिली तर
ती पोह्यांवर तर्री ओतता ओतता थांबली.
"काय्चं शहाणपण बाप्पा!
वीज कापली होती आपली.
कंदिलात काठ सरळ दिसे नाही त्यायले."
मी गप्प.
लिंबू पिळून झाल्यावर मग तीच म्हणाली,
"पण वीज आल्यावरही नाही बसले कधी.
अंगणात खाट टाकून पडून राहत.
तवा मले राग ये."

त्या दुपारी मी सगळ्यांना निरोप लिहिला:
रात्री आठनंतर फोन नाही,
पुढच्या महिन्यापासून दर इतका.
शेवटी 'क्षमस्व' लिहिलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
इतक्या वर्षांत त्या शब्दाचं बिल
कुणालाच लावलं नव्हतं.
काढून टाकलं.

दोन दिवस कुणीच काही बोललं नाही.
तिसऱ्या दिवशी गांधीबागेतलं एक दुकान गेलं,
"दुसरी पोरगी स्वस्तात करून देते, ताई."
महिन्याचे चार हजार.
वहीत ही ओळ छोटीशी दिसते,
किराण्याच्या दुकानात नाही दिसत.
शेंगदाणे अर्धा किलोच घेतले,
आणि त्या पोरीचा विचार करत घरी आले:
तिला कोण सांगेल,
की ती किती तासांना विकली गेली?

वाधवानी राहिले.
आता पावणेआठला फोन करतात,
"मॅडम, पंधरा मिनिटं शिल्लक आहेत ना?"
आणि खरंच,
त्यांचं काम बारा मिनिटांत होतं.

काल मी नाईक तलावापर्यंत चालत गेले.
काही आणायचं नव्हतं.
एक म्हातारा पोरांना पतंगाचा मांजा गुंडाळून देत होता,
घाई नव्हती त्याला, पोरांनाच होती.
परत येऊन जेवले, भांडी घासली,
आणि दहा वाजून दहा मिनिटांनी
माझी मीच फोनकडे बघितलं.
वाजला नाही.
थोडं वाईट वाटलं,
हेही वहीत लिहून ठेवलंय.

मग कूलरमध्ये पाणी भरलं,
खाट त्याच्यासमोर ओढली,
आणि गवतातून ठिबकणारं पाणी ऐकत पडून राहिले.
हा तास कुठल्या रकान्यात मांडायचा,
अजून ठरलेलं नाही.